वलगावात कुटारावर पसरलेलं तुमचं चित्र

बाई, सरांनी माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तिच्या चित्रावर दोन फटकारे मारले, त्या घडीला माझं कॉलेज संपलं. पुढं काही दिवस मी नावाला जात होतो, हजेरीही लागत होती, पण संपलं ते तेव्हाच. हे तुम्हाला सांगायचं कारण म्हणजे ते चित्र तिनं तुमचं चित्र पाहून काढायला घेतलं होतं. तुम्ही नसता तर तिनं आम्हा सगळ्यांसारखा तांब्या, पडदा आणि दोन वांगी काढली असती. सरांनी त्या वांग्यांवर कितीही फटकारे मारले असते तरी माझं काही गेलं नसतं, आणि मी आज अमरावतीत शेवटच्या वर्षाला असतो. इथं अकोल्यात, फ्लेक्सच्या दुकानात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर जुळवत बसलो नसतो. म्हणून पहिला राग तुमच्यावर. माझा बाप जन्मायच्या आधी तुम्ही गेलात, तुम्ही मराठी वाचणार नाही, मला जर्मन येत नाही. बरंच आहे, मधे कोणी बोलणारं नाही. 'बाई' म्हणतोय ते आमच्याकडं शाळेत शिकवणारीला म्हणतात तसं. तुमचं नाव मला धड म्हणता येत नाही. सरही चुकीचंच म्हणायचे. आणि आजच लिहायला बसलो, कारण सरांच्या प्रदर्शनाचं बॅनर छापायला माझ्याच दुकानात आलंय. त्यावर तिचं ते चित्र आहे, आणि खाली सरांचं नाव.

तुमचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते कलेच्या इतिहासाच्या तासाला. खिडक्यांना काळे पडदे, प्रोजेक्टरची घरघर, मागं निम्मी पोरं झोपलेली. सर तुमच्या त्या प्रसिद्ध सोबत्याची चित्रं दाखवत होते आणि आवाज असा लागला होता, जसा कीर्तनात बुवांचा देव प्रकट होताना लागतो. ॲब्स्ट्रॅक्टचा बाप, असं म्हणाले. मग मधेच तुमचं एक आलं. त्यात घर नाही, डोंगर नाही, फुलदाणी नाही; नुसते रंग एकमेकांना रेटत उभे, आणि त्यांच्यामधून जाड काळी रेघ. सर म्हणाले, "या त्यांच्या विद्यार्थिनी. पुढे सोबत राहिल्या. हे त्यांच्या प्रभावातलं," आणि बटण दाबलं. तुम्ही गेलात. एवढ्यात अंधारातून आवाज आला, "सर, मागचं दाखवा ना."

"कोणतं मागचं?"

"आत्ता गेलं ते. बाईंचं."

पोरं हसली. सरांनी मागं घेतलं, हात कमरेवर ठेवून उभे राहिले. "काय पाहायचं आहे यात?" ती म्हणाली, "पाहू द्या ना सर, मग सांगते." सर हसले, पुढं गेले. तास सुटल्यावर कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर ती मला म्हणाली, "ती काळी रेघ पाह्यली का तू? धुरा आहे तो."

धुरा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. दोन वावरांच्या मधात मातीचा बांध असतो, तो धुरा. आमच्या हिवरखेडकडं धुऱ्यावरून डोकी फुटतात. कारण शेजारी काय करतो, नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, तुमच्या बाजूनं जास्त घेतो. एकच तास. तुम्ही बोललात तर म्हणतो, बैल सरकला. आता ट्रॅक्टर सरकतो. दर हंगामाला धुरा थोडा थोडा कोरला जातो आणि एक दिवस तुमच्या लक्षात येतं की तुमचं बोराचं झाड त्याच्या वावरात उभं आहे. ती वलगावची, माळ्याची पोरगी. बाप भाजीपाला आणि झेंडू लावतो, तिला धुरा कळणार नाही तर कोणाला. चहाचा ग्लास हातात फिरवत ती सांगत होती, "तांबडा तिकून रेटून राहिला, निळा इकून. पन धुरा मजबूत आहे म्हनून दोघंही आपापल्या जागी आहेत. मले असं काढाचं आहे. वावर नाई काढाचं. ते रेटनं काढाचं." मी मान हलवली. मला त्यातलं फार कळलं नव्हतं. बोलता बोलता तिच्या वरच्या ओठाला चहाची साय लागली होती, आणि ती सांगावी की नाही या विचारात मी होतो.

मग ती महिनाभर त्या चित्राला बसली. आमच्याकडं बसायला लाकडी डाँकी असते, घोड्यासारखी पाय टाकून बसायची, पुढं बोर्ड टेकवायचा. कॉलेजची रीत अशी, की सर वर्गात फिरताना कोणाच्या मागं थांबले, की त्यानं मुकाट्यानं डाँकीवरून उठायचं, ब्रश सरांच्या हातात द्यायचा आणि बाजूला हात बांधून उभं राहायचं. सर बसतात, दोन हात मारतात, उठतात. याला करेक्शन म्हणतात. ज्याच्या चित्राला करेक्शन मिळालं तो दिवसभर सांगत फिरतो, "सरांचा हात लागला." कोणी रडत नाही त्यात, उलट ज्याच्यामागं सर थांबत नाहीत तो रडतो. त्या दिवशी तिचं चित्र पुरं झालं होतं. मला चित्रं कळत नाहीत असं सरांचं मत आहे, पण पुरं झालेलं मला कळतं. ती नुसती बसून पाहत होती, ब्रश हातात होता तो सवयीनं. सर आले, थांबले. ती उठलीही नव्हती तोवर त्यांनी वाकून तिच्या बोटांतून ब्रश ओढून घेतला, पिवळ्यात बुडवला आणि काळ्या रेघेवरून आडवे दोन फटकारे. मोकळे, झोकदार. वर्ग "वा" म्हणाला. मी माझ्या जागेवरून ओरडलो, "सर, ते झालं होतं!"

सरांनी वळूनही पाहिलं नाही. "तू आधी माणसाचा पंजा नीट काढायला शीक. तुझी बोटं केळीच्या फण्यासारखी येतात." सगळे हसले. तीही हसली, बाई. आणि "थँक यू, सर," म्हणाली.

ते चित्र सरांनी ठेवून घेतलं, नीट माउंट करून देतो म्हणून. दिवाळीनंतर अमरावतीत त्यांचं प्रदर्शन लागलं. आम्ही पोरं खुर्च्या मांडायला, समया पुसायला गेलो होतो. तिसऱ्या भिंतीवर ते टांगलेलं. सोनेरी फ्रेम, कोपऱ्यात सरांची सही. मी तिला हाताला धरून तिथं नेलं. ती पाहत राहिली, मग हळू म्हणाली, "सरांचा हात लागला होता ना." एवढंच. मला जे झालं ते मला सांगता येत नाही. हिवरखेडचं रक्त आहे, ते आधी हातात जातं, मग डोक्यात. दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमधे गेलो, टेबलावर ब्रश धुवायच्या गढूळ पाण्याचा मग होता, तो त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर ओतला. शिपाई धावला, प्राचार्यांनी बोलावलं, माफी माग म्हणाले, बापाला बोलावून घेतलं. बाप एसटीनं आला, ऐकून घेतलं, बाहेर येऊन एकच बोलला, "माफी माग नाईतर घरी चाल. पन इथी उभा राहून माझं तोंड पाहू नको." मी माफी मागितली नाही. घरीही गेलो नाही.

अकोल्यात हे दुकान मिळालं. पहिला पगार झाला तेव्हा तिला काहीतरी द्यावं वाटलं. ड्रेस घ्यायची हिंमत नव्हती, आणि मोगऱ्याचा गजरा मळेवाल्याच्या पोरीला काय न्यायचा. म्हणून मी नेटवरून तुमचं चित्र उतरवून घेतलं, साफ केलं आणि मालक नसताना फ्लेक्सवर छापलं. चार बाय सहा फूट. इथली शाई पिवळ्याचा नारिंगी करते, तुमचा पिवळा हळदीचा होता तो संत्र्याचा झाला. माफ करा, पण नागपूरच्या बाजूला असंच व्हायचं. गुंडाळी खांद्यावर टाकून वलगावला गेलो. तिची आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी ते अंगणात उलगडलं. आईनं पिठाचे हात तसेच धरून निरखून पाहिलं आणि विचारलं, "कोनाचा वाढदिवस आहे बापा?"

"वाढदिवस नाही, काकू. चित्र आहे. जर्मनीतल्या बाईंचं."

"मंग बाईचा फोटू कुठी आहे?"

ती दारात उभी होती, तोंडावर ओढणी घेऊन हसत होती, इतकी की तिला खाली बसावं लागलं. तिचा बाप आला. त्यानं फ्लेक्सचा कोपरा चिमटीत धरला, ओढून पाहिला, नखानं खरवडला. "पन्नी मजबूत आहे," म्हणाला. "आपल्या कुटारावरची ताडपत्री फाटली व." कुटार म्हणजे ढोरांसाठी साठवलेला भुसा. मी काही म्हणायच्या आत तो आणि त्याचा चुलतभाऊ तुम्हाला उचलून घेऊन गेले, ढिगावर पसरलं आणि चारी बाजूंनी दगड ठेवले. तुमचं चित्र अजून तिथंच आहे, बाई. त्यावर कोंबड्या फिरतात. ताटावर बसलो तेव्हा माझा चेहरा पाहून ती वाढता वाढता म्हणाली, "असा काहून बसला मेल्यावानी? चांगलं झालं ना. म्हशीले कुटार टाकाले गेली का रोज दिसते मले." तिच्या आईनं ठेचा वाढला, मला घाम फुटला, आणि जे बोलायला गेलो होतो ते त्या घामात राहून गेलं.

तुमच्याबद्दल मी नंतर वाचलं. दुपारी मशीन चालू असताना मोबाइलवर, जेवढं इंग्रजी कळतं तेवढ्यात. आणि जसजसं वाचलं तसतसं माझं डोकं तापत गेलं. तुमचा तो माणूस आधी तुमचा सर होता. तुम्ही त्याच्या वर्गात शिकायला गेलात. वर्षानुवर्षं सोबत राहिलात. मग लढाई लागली, तो त्याच्या देशात गेला, तुम्ही वाट पाहत बसलात आणि त्यानं तिकडं दुसऱ्याच बाईशी लग्न केलं. इथवर ठीक आहे, असं सगळीकडंच होतं, आमच्या गल्लीतही होतं. पण पुढं तुम्ही काय केलं! त्याची चित्रं तुमच्याकडं राहिली होती. तुमचं सरकार असली चित्रं बिघडलेली म्हणून शोधून शोधून जप्त करत होतं, तर तुम्ही ती घराच्या तळघरात लपवली. जीव धोक्यात घालून. म्हातारपणी सगळी शहराला देऊन टाकली. आज जग त्याला बाप म्हणतं, त्यात तुमच्या तळघराचाही हात आहे. आणि तुमचं ते रेटणारं चित्र मधल्या एका स्लाइडवर, बटण दाबेपर्यंत. काहून, बाई? काहून जपलं ते सगळं? एखादं तरी फाडायचं. एखादं चुलीत घालायचं, थंडीचा देश आहे तुमचा, शेक तरी मिळाला असता. तुमच्यासारख्या बायांनी सांभाळून ठेवलं म्हणून सरांसारख्यांना सवय लागली. मी तिलाही एकदा फोनवर हेच बोललो. ती म्हणाली, "तू त्या बाईवर काहून चिडून राहिला? तिनं तुह्यं काय खाल्लं?" आणि ठेवून दिला.

आता आजचं. सरांचं प्रदर्शन या वेळी अकोल्यात आहे. मालकानं सकाळी फाइल माझ्यापुढं उघडून दिली. दहा बाय वीसचं बॅनर, अर्ध्या बॅनरभर तिचं चित्र, पिवळे दोन फटकारे दुचाकीएवढे मोठे. मी पाहतच राहिलो.

"काय टुकुटुकु पाहून राहिला बे? तुही सासुरवाडी आहे का त्याच्यात?"

"मालक, हे चित्र या माणसाचं नाही."

"मंग कोनाचं आहे?"

"एका पोरीचं."

"पोरीनं तक्रार केली का?"

"नाही."

"मंग तुले काहून उकळी फुटून राहिली? आपन काय कोर्ट आहो? जे नाव देतील ते छापाचं. परवा त्या मानसाले 'जनतेचं लाडकं नेतृत्व' छापून देलं ना आपन. त्याची बायको तरी त्याले लाडका म्हनते का?" आणि डबा घेऊन मागं जेवायला गेला. जाता जाता ओरडला, "संध्याकाळपर्यंत पाहिजे मले!"

मशीनच्या खोलीत मी एकटा. नाव पुसायला एक बटण लागतं. मी सरांचं नाव पुसलं आणि तिथं तिचं लिहिलं. ठळक अक्षरात, चौकातल्या सिग्नलवरून दिसेल असं. छान दिसत होतं, बाई. तिचं आडनाव एवढ्या मोठ्या अक्षरात कोणीच कधी लिहिलं नसेल, शाळेच्या फळ्यावरही नाही. आता बसून तुम्हाला हे लिहितोय. मनात ठरवलंय, छापणार. उद्या सर येतील, पाहतील. पोलीस बोलावतील तर बोलावू देत.

इथवर लिहिलं आणि राहवलं नाही, तिला फोन लावला. ती वावरात होती, मागं मोटरीचा आवाज. मी सगळं सांगितलं, नाव टाकलं तेही सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "काढ ते."

"काहून?"

"काढ म्हटलं ना."

"अजून सरांचीच बाजू घेतेस तू? त्यांनी तुझा धुरा नांगरून टाकला आणि—"

"मी कोनाची बाजू घेतो ते तू मले सांगू नको. सरांनी मले विचारलं नाई न् ब्रश घेतला. तू विचारलं?"

"विचारायलाच तर फोन केला."

"नाव टाकून मंग विचारून राहिला." मोटर बंद झाली. कोणीतरी तिला हाक मारली, ती त्याला "आली, आली" म्हणाली आणि आवाज खाली घेतला. "तू तो पान्याचा मग ओतला ना, त्या दिवशी मी सरांकडे जानार होती. एकटी. रात्रभर वाक्य पाठ केलं होतं मी. मी पोचाच्या आधी तूच भांडून मोकळा झाला. मंग अख्खं कॉलेज मले काय विचारत होतं माहीत आहे? का तुह्यं न् त्याचं काय चालू आहे. सगळ्यायले तेवढंच. चित्राचं कोनी विचारलं नाई. कोनीच. माह्या चित्राचं भांडन तू तुह्या नावावर करून घेतलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला, पहिला गरम झाला होता.

"परवा मी सरांच्या घरी गेली होती," ती म्हणाली. "म्हटलं, चित्र वापस द्या. प्रदर्शन झाल्यावर देतो म्हने, हसत. मी म्हटलं, मंग मी प्रदर्शनातच येतो, लोकायसमोर मागतो. हसू गेलं त्यायचं. आता सगळ्यायले सांगतात, पोरगी वेडी आहे म्हनून."

"मी येतो सोबत."

"तू येऊ नको. तू तिथी दिसला नाई पाहिजे, सांगून ठेवतो. न् ते बॅनर जसं आलं तसं छाप. त्यायच्याच नावानं. मोठं छाप, रंग चांगला येऊ दे. लोकं आले पाहिजे ना पाहाले." आणि मग, ठेवता ठेवता, "जेवला का?"

तेवढ्यावर फोन बंद.

सरांचं नाव मी परत टाकलं, बाई. माझ्या हातानं, एकेक अक्षर, त्यांच्या पदव्यांसकट. असा राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो कुठं ठेवायचा तेच कळत नाही. सरांवर ठेवला तर ती म्हणते, तो राग तिचा आहे. तुमच्यावर ठेवला होता, तिथूनही निसटून चाललाय. तुम्ही तळघरात काय म्हणून काय जपलं ते मला आता माहीत नाही, आणि तुम्हाला ते विचारायचा मी कोण, हेही माहीत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. शिव्या द्यायला बसलो होतो. पण बसलोच आहे तर एक सांगून टाकतो, कारण तुम्ही ते वलगावात कोणाला सांगणार नाही. तिला न्याय मिळावा असं मी सगळ्यांना सांगत फिरलो, बापालाही तेच सांगितलं. खरं म्हणजे तिनं हरून, रडत माझ्याकडं यावं, एवढंच मला पाहिजे होतं. ती जिंकून आली तर माझ्याकडं काय म्हणून येईल?

मालक जेवून आला. ढेकर देत दारातून विचारतोय, "लावलं का मशीनले?" लावलं, म्हटलं. रंग पाहिला, पिवळा मुद्दाम थोडा खाली घेतला, म्हणजे संत्र्याचा होणार नाही. फ्लेक्सचा रोल चढवला. पहिली पट्टी बाहेर येतेय, तिच्या तांबड्याची. पुढचं मला पाहायचं नाही. उठतो, बाहेर निघतो, आणि मशीनच्या खोलीचं दार लावून घेतो.